वारंवार होणारा यीस्ट संसर्ग आणि चिनी वैद्यक: उपचाराचा क्रम नेमका कुठे चुकतो

अंगावर पांढरं जातंय आणि खाज आहे, म्हणजे शरीरात 'ओल आणि उष्णता' साचली. ती साचली, म्हणजे लोंग दान शिए गान वान या गोळ्या सुरू करायच्या. चिनी वैद्यकाबद्दल थोडंफार वाचलेल्या बायकांचा हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो. पहिल्या आठवड्यात बरं वाटतं, म्हणून गोळ्या दोन-तीन महिने ओढल्या जातात. मग भूक मरते, शौचाला पातळ होतं, अंगात त्राण राहत नाही आणि पुढच्या पाळीआधी खाज पुन्हा हजर होते. दोष औषधाचा कमी आणि ते घेतल्याच्या वेळेचा व मुदतीचा जास्त असतो.

चिनी वैद्यक या तक्रारीकडे दोन भागांत पाहतं. भडका उठलेला असताना ओल आणि उष्णता बाहेर काढायची, आणि दोन भडक्यांच्या मधल्या काळात ती पुन्हा साचू नये म्हणून मूळ सावरायचं. या दोन भागांची औषधं स्वभावाने जवळजवळ उलटी आहेत. भडक्यात बळ वाढवणारी औषधं घेतली तर त्रास रेंगाळतो आणि मधल्या काळात भडक्यातली कडू-थंड औषधं चालू ठेवली तर मूळच खचतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

आधीच स्पष्ट केलेलं बरं: चिनी काढे आणि सुया (अ‍ॅक्युपंक्चर) यांवरचे अभ्यास बरेचसे छोटे आणि कच्च्या आखणीचे आहेत. बुरशीरोधक औषधांमागे आहे तेवढा भक्कम पुरावा त्यांच्यामागे नाही. इथे चिनी उपचार त्या औषधांच्या जोडीला धरले आहेत, त्यांच्या बदली नाहीत.

## टप्पा १: हे यीस्टच आहे का, याची खात्री

हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं वाया जातं, आणि सर्रास गाळला जातो तो हाच. स्वतःच निदान करून दुकानातून यीस्टचं औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केलेला एक अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना प्रत्यक्षात यीस्टचा संसर्ग होता. उरलेल्यांची खाज किंवा स्राव दुसऱ्याच कारणाने होता.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी मागा:

1. योनीस्रावाचा पीएच. यीस्टमध्ये तो सहसा ४.५ किंवा त्याहून कमी राहतो. जास्त आला तर जिवाणूंचा असमतोल किंवा ट्रायकोमोनास (संबंधांतून पसरणारा परजीवी) यांचा विचार करावा लागतो.
2. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात.
3. कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, आणि त्यात बुरशीची जात. कॅन्डिडा अल्बिकन्स आहे की ग्लाब्राटा, यावर औषध ठरतं. वारंवार होणाऱ्या त्रासात फक्त 'यीस्ट आहे' एवढा अहवाल अपुरा आहे.

'वारंवार' म्हणजे किती? वर्षभरात तीन किंवा जास्त वेळा. काही ठिकाणी अजूनही चार हा जुना आकडा धरतात.

याच भेटीत रक्तातली साखर, शक्यतो एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), तपासून घ्या. अलीकडे प्रतिजैविकं घेतली असतील, स्टेरॉइड चालू असेल, किंवा डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. या गोळ्यांनी यीस्टचा त्रास वाढतो. तरी त्या परस्पर बंद करू नका. डॉक्टर पर्याय देऊ शकतात. साखर आटोक्यात नसेल तर कुठलाही काढा टिकाऊ फरक पाडणार नाही.

तपासा: नमुना देण्याआधीचे दोन दिवस योनीत मलम, गोळी, धुण्याचं औषध काहीही वापरलं नाही ना? संबंध टाळले ना? 'जाण्याआधी जरा स्वच्छ करून घेऊ' म्हणून औषधी पाण्याने धुतलं, तर नमुना कोराच येतो.

सावध: ताप, ओटीपोटात दुखणं, हिरवट किंवा रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव, फोड, जखमा, पांढरी पडलेली पातळ त्वचा, यांपैकी काही असेल तर चिनी उपचार बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी कायमची गेलेल्या आणि हार्मोन न घेणाऱ्या स्त्रीला खाज येत असेल, तर ती यीस्टमुळे असण्याची शक्यता मुळात कमी असते.

## टप्पा २: एका पाळीचक्राची नोंद

चिनी वैद्य 'यीस्ट' या नावावर औषध देत नाही. तो तुमच्या लक्षणांचा आकृतिबंध बघतो. तो आकृतिबंध आठवणीतून सांगायला गेलं की शेवटच्या दोन दिवसांचाच त्रास सांगितला जातो. म्हणून एक पूर्ण पाळीचक्र वही ठेवा. रोज दोन-तीन ओळी पुरतात:

- पाळीचा कितवा दिवस
- स्रावाचा रंग (पांढरा, पिवळसर, पिवळा), दाटपणा (पाण्यासारखा, चिकट, दह्याच्या कवड्यांसारखा), वास
- खाज किंवा जळजळ, आणि ती कधी वाढते: रात्री, उष्णतेने, संबंधांनंतर
- शौच, भूक, झोप, तोंडाची चव, लघवीचा रंग
- हातपाय गार पडतात की तळपायांची आग होते

अनेकींचा त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यात चढतो आणि पाळी आली की उतरतो. ही लय वहीत दिसली तर मधल्या काळातला उपचार कधी सुरू करायचा ते ठरवणं सोपं जातं.

जिभेचा फोटोही घ्या, आठवड्यातून दोनदा, सकाळी उठल्या उठल्या, खिडकीजवळच्या उजेडात. चहा-कॉफीच्या आधी, आणि मुख्य म्हणजे जीभ घासण्याआधी. जिभेवरचा थर हीच वैद्याला हवी असलेली खूण असते. भेटीच्या दिवशी ती लख्ख घासून गेलात, तर निम्मी माहिती घरीच राहिली. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटोही कामाचा नाही, त्यात प्रत्येकीचा थर पिवळाच दिसतो.

## टप्पा ३: आकृतिबंध ओळखणं

हे वाचून स्वतःवर औषध ठरवू नका. पण वैद्याने काय ठरवलं आणि का, हे कळायला इतकं माहीत हवं.

ओल आणि उष्णता खाली उतरणे. स्राव भरपूर, पिवळा किंवा दाट, खाज तीव्र, तोंड कडू, लघवी गडद, जीभ लाल आणि थर पिवळा, चिकट. बहुतेक भडके यात बसतात. पण यातही दोन पोटप्रकार आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. स्राव पिवळा, चिडचिड जास्त, डोकं ठणकणं, लघवीला आग, अशी उष्णतेची बाजू वरचढ असेल तर लोंग दान शिए गान थांग (थांग म्हणजे काढा, वान म्हणजे गोळ्या). स्राव पांढरा, सोयाबीनच्या चोथ्यासारखा किंवा फाटलेल्या दुधासारखा, पोटात जडपणा, जेवणावर वासना नाही, अशी ओल वरचढ असेल तर चिनी स्त्रीरोगाच्या पाठ्यपुस्तकी पद्धतीत बी शिए शेन शी थांग दिलं जातं, त्यात त्सांग जू आणि ह्वो श्यांग या वनस्पतींची भर घालून. यीस्टचं नेहमीचं चित्र या दुसऱ्या प्रकाराचं आहे. तरीही जी ती पहिल्याच गोळ्यांकडे धावते, कारण त्यांचं नाव जास्त ठाऊक असतं.

प्लीहा दुर्बल, ओल साचलेली. चिनी वैद्यकातली प्लीहा म्हणजे पचनाची आणि शरीरातला पाणीपसारा सांभाळण्याची सगळी व्यवस्था. स्राव पांढरा किंवा फिकट पिवळा, सतत पण वास नसलेला; थकवा, जेवणानंतर पोट फुगणं, पातळ शौच, पायांवर सूज. जीभ फिकट, फुगीर, कडेला दातांचे ठसे. इथे वान दाय थांग.

दुर्बलता आणि वर थोडी उष्णता. वरच्यासारखंच चित्र, पण स्राव पिवळा आणि चिकट. इथे यी ह्वांग थांग: शान याओ, छ्येन शी, ह्वांग बाय, छ छ्येन त्स आणि बाय ग्वो. बाय ग्वो म्हणजे गिंकोची बी. ती कच्ची विषारी असते, म्हणून स्वतः आणून टाकायची नाही.

मूत्रपिंडाचं यिन कमी. प्लीहेसारखंच मूत्रपिंडही इथे चिनी अर्थाने; यिन म्हणजे शरीरातला ओलावा आणि गारवा राखणारी बाजू. स्राव थोडा, कोरडेपणा आणि जळजळ जास्त, रात्री घाम, तळपायांची आग, जीभ लाल आणि जवळजवळ बिनथराची. जी बाय दी ह्वांग वान इथलं. पाळी जाण्याच्या वयात हे चित्र पुष्कळ दिसतं, आणि ते यीस्ट नसण्याची शक्यताही याच वयात जास्त. शंका आली तर टप्पा १ पुन्हा.

मूत्रपिंडाचं यांग कमी. यांग म्हणजे ऊब देणारी बाजू. स्राव पाण्यासारखा, कंबर गार आणि दुखरी, रात्री लघवीला उठावं लागणं. इथल्या नेय बू वान या योगात (औषधमिश्रणात) बचनागाच्या वर्गातलं फू त्स असतं. त्याची प्रक्रिया किंवा उकळणं कमी पडलं तर हृदयावर जीवघेणा परिणाम होतो. घरी हात लावू नये असं हे औषध आहे.

तपासा: वैद्याने जीभ पाहिली, नाडी पाहिली, शौच आणि पाळीबद्दल विचारलं का? 'यीस्ट आहे' एवढं ऐकून पुडी बांधून देत असेल, तर दुसरा वैद्य शोधा.

## टप्पा ४: भडका शमवणं

हा टप्पा साधारण एक ते दोन आठवड्यांचा. बुरशीरोधक औषध याच काळात पूर्ण घ्यायचं. वारंवारच्या त्रासात डॉक्टर बहुधा फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी देतात, किंवा योनीत ठेवायचं औषध ७ ते १४ दिवस. पहिल्या गोळीने आराम पडला म्हणून उरलेल्या दोन न घेणं हे त्रास परतण्याचं अगदी साधं कारण आहे. गरोदरपणात फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या टाळतात आणि योनीतलं औषध ७ दिवस देतात. चिनी काढे, धुणं आणि सुयाही त्या काळात बंद.

काढा जोडीला घ्यायचा असेल तर दोन औषधांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. पण अंतराने सगळं सुटत नाही. फ्लुकोनॅझोल यकृतातली काही विकरं अडवतं, आणि ह्वांग बायमधलं बर्बेरिनही त्याच वाटेने जातं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असताना तर फ्लुकोनॅझोल आणि चिनी योगांत येणारी दांग ग्वेय ही मुळी दोन्ही रक्तस्रावाचा धोका वाढवतात. गान त्साओ म्हणजे ज्येष्ठमधाचाच भाऊ. तो रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. चालू औषधांची यादी डॉक्टर आणि वैद्य दोघांच्याही हातात असायला हवी.

सावध: लोंग दान शिए गानच्या जुन्या योगांत ग्वान मू थोंग वापरलं जायचं. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंडं कायमची निकामी झाली आहेत आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. चीनने २००३ साली ते बंद केलं. आता त्याजागी अकेबिया किंवा क्लेमॅटिस या कुळातलं मू थोंग वापरतात. पाकिटावर प्रत्येक घटकाचं शास्त्रीय नाव नसेल, किंवा कुठेही 'अ‍ॅरिस्टोलोकिया' दिसलं, तर घेऊ नका. जुन्या साठ्यातल्या, नाव-गाव नसलेल्या गोळ्या तर नकोतच.

थांबण्याची वेळ कशी ओळखायची? खाज गेली, स्राव पांढरट-पारदर्शक झाला आणि जिभेवरचा पिवळा थर पातळ झाला, की कडू-थंड औषध बंद. थर अजून गेलेला नाही, पण शौचाला पातळ होऊ लागलं आणि भूक मंदावली, तरीही बंद, आणि वैद्याला कळवा. दोन आठवड्यांपुढे ते स्वतःच्या मनाने ओढायचं नाही.

## टप्पा ५: काढा उकळण्याची रीत

चांगला योग वाईट उकळण्याने फुकट जातो. भांडं मातीचं, काचेचं, इनॅमलचं किंवा स्टीलचं घ्या. लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम नको, कारण औषधातली टॅनिनं धातूशी जुळतात.

1. एका दिवसाची पुडी भांड्यात घेऊन गार पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी औषधांच्या वर दोन बोटं. गरम पाण्यात भिजवलं तर बाहेरचा थर आकसतो आणि आतलं उतरत नाही.
2. छ छ्येन त्स आणि ह्वा शी वेगळ्या कापडी पुरचुंडीत बांधा. छ छ्येन त्स ही इसबगोलाच्या कुळातली बी आहे. सुटी टाकली तर बुळबुळीत होऊन तळाला बसते, करपते आणि गाळणी तुंबते. ह्वा शी ही बारीक खनिज पूड, तीही सुटी टाकली तर काढा गढूळ होतो.
3. त्याच पाण्यात मोठ्या आचेवर उकळी आणा, मग मंद आचेवर २० ते ३० मिनिटं, झाकण ठेवून. ह्वो श्यांगसारखी सुगंधी औषधं शेवटची पाच मिनिटं.
4. गाळा. त्याच चोथ्यात कमी पाणी घालून पुन्हा २० मिनिटं उकळा, गाळा.
5. दोन्ही काढे एकत्र करून दोन भाग करा, प्रत्येकी साधारण २०० मिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, कोमट.

पहिला काढा सकाळी आणि दुसरा संध्याकाळी असं करू नका. पहिला कडक, दुसरा पाणचट. दोन वेळच्या मात्रा वेगळ्या होतात. उरलेला भाग फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांनंतर फेकून द्या. बळ वाढवणारे काढे जेवणाआधी चांगले. कडू-थंड काढ्याने मळमळत असेल तर जेवणानंतर अर्ध्या तासाने.

दाणेदार तयार पूड वापरत असाल तर पुडीवरचे ग्रॅम आणि सुक्या औषधाचे ग्रॅम एक नाहीत. ती आटवलेली असते. ३० ग्रॅम लिहिलंय म्हणून ३० ग्रॅम पूड घेतली तर कित्येक पटींनी मात्रा जाते.

## टप्पा ६: बाहेरून धुणं

चिनी पद्धतीत यीस्टच्या खाजेवर बाहेरून धुणं आणि कोमट औषधी पाण्यात बसणं हा मोठा भाग आहे. आराम लवकर पडतो, म्हणून अतिरेकही इथेच होतो.

एका वेळेचं नेहमीचं प्रमाण: शे छ्वांग त्स ३० ग्रॅम, खू शेन ३० ग्रॅम, बाय बू १५ ग्रॅम, ह्वांग बाय १५ ग्रॅम, तुरटी १० ग्रॅम. अनेक नुस्ख्यांत छ्वान ज्याओ ही चिनी तिरफळही असते. त्वचा खाजवून सोलली असेल तर ती वगळा, आग असह्य होते.

1. पहिल्यांदा वापरण्याआधी गाळलेला काढा हाताच्या आतल्या बाजूला लावून २४ तास वाट पाहा. लाली, पुरळ आलं तर वापरू नका.
2. तुरटी सोडून बाकी दोन लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा, मग २५ मिनिटं उकळा.
3. दाट कापडातून दोनदा गाळा. बारीक कण राहिले तर ते घड्यांत अडकतात आणि नवी खाज सुरू होते, जिला लोक संसर्ग समजतात.
4. गाळलेल्या पाण्यात तुरटी विरघळवा.
5. स्वच्छ, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या टबात ओता आणि ३८ ते ४० अंशांपर्यंत निवू द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं पाहिजे.
6. १० ते १५ मिनिटं बसा, दिवसातून एकदा. मग साध्या पाण्याचा हात फिरवून मऊ कापडाने टिपा, चोळू नका.
7. योनीत ठेवायचं औषध असेल तर ते यानंतर, झोपताना. तेलकट मलमांनी आणि योनीतल्या गोळ्यांनी लेटेक्सचे निरोध कमजोर होतात, हेही लक्षात असू द्या.

वाफेवर बसण्याचा प्रकार पुस्तकांत सापडतो, पण घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. त्या भागाची कातडी भाजायला उकळत्या पाण्यावरचे काही सेकंद पुरतात.

सावध: हे पाणी फक्त बाहेरच्या भागासाठी आहे. पिचकारीने किंवा बोटाने आत घालू नका. चिनी रुग्णालयांत आत धुण्याचे उपचार होतात, पण ते तपासून आणि देखरेखीखाली. घरी आत धुण्याने योनीतले उपकारक लॅक्टोबॅसिलस जिवाणू वाहून जातात आणि मग यीस्टच्या जोडीला जिवाणूंचा असमतोलही गळ्यात पडतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर टाके भरेपर्यंत आणि त्वचा फाटली असेल तेव्हा धुणं बंद.

सलग सात दिवस झाले की थांबा. 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या एखाद्या मलमाने तासाभरात खाज पूर्ण गेली तर आनंद मानण्याआधी संशय घ्या. अशा मलमांत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत. स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी निवांत वाढते.

## टप्पा ७: मधल्या काळात मूळ सावरणं

भडका शमला, पाळी येऊन गेली, की हा टप्पा सुरू. बहुतेकींचा उपचार नेमका इथे सुटतो, कारण त्रास नसताना काढा उकळायला कोण बसणार! साधारण तीन पाळीचक्रं धरून चाला.

आधुनिक उपचारात याच काळात फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, सहा महिने देतात. डॉक्टरांनी ते लिहिलं असेल तर काढा सुरू केला म्हणून सोडू नका. हे सहा महिने संपल्यावर सुमारे निम्म्या जणींचा त्रास परततो. त्यामुळे मूळ सावरण्याचं काम गोळी चालू असतानाच व्हावं, गोळी संपल्यावर नाही.

प्लीहा दुर्बल असेल तर वान दाय थांग. त्याची रोजची नेहमीची मात्रा इथे देतो, पुडी ताडून पाहण्यासाठी:

- बाय जू (मातीत भाजलेलं) ३० ग्रॅम
- शान याओ (भाजलेलं) ३० ग्रॅम
- बाय शाओ १५ ग्रॅम
- त्सांग जू ९ ग्रॅम
- छ छ्येन त्स ९ ग्रॅम
- रेन शेन ६ ग्रॅम
- गान त्साओ ३ ग्रॅम
- छेन फी, छाय हू, जिंग ज्ये (काळी भाजलेली) प्रत्येकी २ ग्रॅम

हे आकडे नीट पाहा. दोन औषधं ३० ग्रॅमची आणि तीन औषधं २ ग्रॅमची. योगाची सगळी मेख या तफावतीत आहे. मोठी दोन पचन बळकट करून ओल शोषतात. छोटी तीन फक्त अडलेलं वर उचलतात, मोकळं करतात. सगळी औषधं सरसकट ९ ग्रॅम केली की हलकी औषधं डोईजड होतात आणि स्रावावर परिणाम जवळपास होत नाही. पुडीत असं सरसकट वजन दिसलं तर कारण विचारा. काही कारणाने वैद्याने बदल केला असेलही, पण ते त्याला सांगता यायला हवं. रेन शेनच्या जागी दांग शेन घालणं मात्र नेहमीचं आहे. तेव्हा मात्रा वाढवतात.

आहाराबद्दल चिनी वैद्यकाचं म्हणणं साधं आहे: गोड, तळलेलं, मद्य आणि फार थंड-कच्चं कमी, शिजवलेलं, कोमट, वेळेवर. पण 'यीस्टला उपाशी मारायचं' म्हणून जेवण अर्ध्यावर आणणाऱ्या बायकांची प्लीहा, चिनी भाषेत सांगायचं तर, आणखी खचते. पावातलं यीस्ट आणि योनीतलं कॅन्डिडा यांचा संबंध नाही, त्यासाठी पाव सोडायची गरज नाही.

तपासा: तीन आठवड्यांनी शौच बांधलेलं येतंय का, जेवणानंतरची सुस्ती कमी झाली का, जिभेच्या कडेचे ठसे पुसट झाले का? स्रावाआधी हे बदलतं. काहीच हललं नसेल तर आकृतिबंध चुकला असण्याची शक्यता आहे. मात्रा वाढवत बसू नका.

## टप्पा ८: सुया आणि दाब

प्रशिक्षित व्यक्तीकडून, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी, आठवड्यातून एक-दोनदा, प्रत्येक वेळी २० ते ३० मिनिटं. या तक्रारीत नेहमी येणारे बिंदू, म्हणजे सुई टोचायच्या जागा: दाय माय, जोंग जी, यिन लिंग छ्वान, सान यिन ज्याओ, उष्णता असेल तर शिंग ज्येन, खाज तीव्र असेल तर ली गौ, दुर्बलता असेल तर त्सू सान ली. जोंग जी बेंबीच्या खाली, मूत्राशयावर येतो, म्हणून सुई लावण्याआधी लघवी करून घ्यायची.

घरी दाबायचे तर दोनच पुरेत. सान यिन ज्याओ: घोट्याच्या आतल्या हाडाच्या टोकापासून स्वतःची चार बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला. यिन लिंग छ्वान: नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वर सरकवत नेला की गुडघ्याखाली जिथे तो अडतो, तो खळगा. ओल साचलेली असेल तर दोन्ही ठिकाणी दाबल्यावर बरंच दुखतं. प्रत्येकी एक-दोन मिनिटं, रोज. बोटं मोजायची ती ज्या व्यक्तीचा पाय आहे तिचीच; दुसऱ्याच्या बोटांनी मोजलं की बिंदू सरकतो.

गरोदरपणात सान यिन ज्याओ दाबायचा नाही. मॉक्साचा शेक (वाळवलेली वनस्पती जाळून बिंदूवर दिलेली ऊब) फक्त गार, दुर्बल आकृतिबंधात. पिवळा थर, तोंड कडू, अशी उष्णता दिसत असताना शेक दिला तर खाज भडकते.

## टप्पा ९: थांबवणं आणि पुन्हा तपासणं

काढा एकदम बंद करू नका. तिसऱ्या चक्रानंतर दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी पुन्हा नमुना द्या, सलग दोन-तीन महिने. लक्षणं नसताना कल्चरमध्ये थोडं कॅन्डिडा निघालं, तर घाबरून औषध सुरू करायचं नाही. अनेक निरोगी स्त्रियांच्या योनीत ते असतंच. जोडीदाराला काही त्रास नसेल तर त्याला औषध देण्याने तुमचा त्रास सहसा थांबत नाही.

काढा तीन महिन्यांहून अधिक घेतला असेल, किंवा अंग पिवळं पडणं, गडद लघवी, सतत मळमळ, पायांवर नवी सूज यांपैकी काही दिसलं, तर यकृत आणि मूत्रपिंडांची रक्ततपासणी करा आणि निकाल येईपर्यंत काढा थांबवा.

खाज पुन्हा आली तर उरलेल्या जुन्या पुड्या उघडू नका. टप्पा १ पासून, नव्या कल्चरसह. दुसऱ्या खेपेला ग्लाब्राटा निघाली तर फ्लुकोनॅझोल तिच्यावर अनेकदा पुरत नाही. डॉक्टर तेव्हा बोरिक आम्लाच्या ६०० मिग्रॅच्या कॅप्सूल, रोज एक, तीन आठवडे योनीत ठेवायला देऊ शकतात. गरोदरपणात त्या वापरत नाहीत, आणि पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो. म्हणून त्या तोंडाने घ्यायच्या औषधांच्या डब्यात न ठेवता वेगळ्या, मुलांच्या हाताला न लागतील अशा ठेवा.